पाठ केलेले गट आणि पाडलेले गट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत पाचवी-सहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "पदार्थांचे गुणधर्म आणि वर्गीकरण हा भाग मुलं तक्ता पाठ करून मोकळी होतात. लाकूड तरंगतं, लोखंड बुडतं, धातू चमकतात. मग स्टीलची वाटी पाण्यात तरंगली की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. प्रयोगशाळा नाही, वर्ग मोठा आहे. साहित्य कुठून आणू, सुरुवात कुठून करू आणि शेवटी गुण कशावर देऊ?"

बाई, तक्ता चुकीचा नाही, पण तो मुलांच्या हातात फार लवकर पडतो. आपण आधी गटांची नावं देतो आणि मग वस्तू त्या खणांत भरायला लावतो. मुलाचं लक्ष खण भरण्याकडे लागतं, वस्तू तशीच राहते. क्रम फिरवा. आधी कसोटी ठरवायची, मग वस्तू तिच्यातून काढायची, मग पडेल तो ढीग पडू द्यायचा आणि ढिगाला नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. शिक्षकांच्या कार्यशाळांत मी एवढंच सांगतो. खाली जे लिहितोय तो याचाच तपशील.

साहित्यासाठी एसडीएमसीकडे, म्हणजे शाळेच्या विकास समितीकडे, पैसे मागायच्या आधी मुलांना सांगा: उद्या येताना घरातली, वाटेवरची, मोडकी, टाकाऊ अशी मुठीत मावेल ती वस्तू आणा. फुटकी काच नको, ब्लेड नको, औषधं नकोत, घड्याळाचे बटण सेल नकोत. एवढं बजावलं की पुरे. तुमच्याकडे कौलाचे तुकडे, विटांचे कोपरे, चिऱ्याची ढेकळं, बांबूच्या कांबी, सागवानाच्या ढलप्या आपसूक येतील. हेच बेळगावात वडगाव-खासबागच्या विणकर वस्तीत सांगितलं तर मागावरचं सूत आणि रेशमासारखा चमकणारा पॉलिस्टरचा धागा येतो. उद्यमबागेत कुणाचे वडील फौंड्रीत असले तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा येतो. अथणी-निपाणीकडे चपलेच्या चामड्याची कातरण येते. विकतच्या 'किट'मधल्या गुळगुळीत ठोकळ्यांपेक्षा हा कचरा मला कधीही चालेल, कारण किटमधल्या वस्तू आधीच निवडून, सरळ उत्तर यावं म्हणून ठेवलेल्या असतात. विकत घ्यायचं ते एवढंच: दोन पेन्सिल सेल, एक पांढरा एलईडी, थोडी वायर. स्पीकरचं काळं चुंबक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मागितलं तर तो बहुधा फुकट देतो. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन ठेवा, थेंब टाकायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

आता वाटी. तुम्हाला ती अडचण वाटते, पण पहिला तास तिच्यावरच घ्या. बादलीत पाणी, आणि बिसी ऊटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, भांड्यांतली एक स्टीलची वाटी. अलगद सोडली की तरंगते. तीच तिरकी करून आत पाणी जाऊ दिलं की सरळ तळाला. मग एक खिळा टाका, तोही तळाला. आता विचारा: आपण परीक्षा कशाची घेतली, वाटीची की स्टीलची? इथे थांबा. उत्तर सांगायची घाई करू नका. एखादं पोर म्हणेलच, "बाई, वाटीत वारं हाय की." तेच हवंय. तरंगत होती ती आतल्या हवेसकटची वाटी. वाटी आणि तिच्यातली पोकळी मिळून जेवढी जागा व्यापतात, तेवढ्या जागेतल्या पाण्यापेक्षा त्यांचं वजन कमी होतं. स्टील एकटं घेतलं तर तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. वस्तू वेगळी आणि ती ज्याची बनली तो पदार्थ वेगळा, हा फरक पाचवीच्या पोराला व्याख्येने कळत नाही, वाटीने कळतो. मग फळ्यावर मुलांच्याच शब्दांत पहिला नियम लिहायचा: पदार्थ तपासायचा असेल तर भरीव तुकडा घ्यायचा, पोकळ चालणार नाही.

नियम लिहून झाला की लगेच त्याचा उपयोग करा. पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या. झाकण वेगळं करा, अंगाचा एक छोटा तुकडा कात्रीने कापा. मुलं छातीठोक सांगतील, प्लास्टिक तरंगतं. दोन्ही पाण्यात बुडवून बोटाने चोळा, चिकटलेले बुडबुडे निघून जाऊ देत, आणि सोडा. झाकण वर येतं, बाटलीचा तुकडा खाली जातो. झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिथिनचं असतं आणि पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं. बाटली ज्याची असते त्या पेट प्लास्टिकची घनता पाण्याच्या जवळजवळ १.४ पट. भंगाराच्या पुनर्वापरात हे दोन प्रकार पाण्याच्या टाकीतच वेगळे करतात. नंदिनीच्या दुधाच्या पिशवीचा तुकडाही तरंगतो. म्हणजे 'प्लास्टिक' नावाचा एकच ढीग असतो ही समजूत दहा मिनिटांत मोडते. लाकडाचंही तसंच. सागवान आरामात तरंगतं, पण खैरासारखं जड लाकूड जेमतेम डोकं वर काढतं, कधी बुडतंही. बुडबुडे चोळून काढायला विसरू नका. बुडबुडा चिकटलेला असला की बुडणारी वस्तूही वर येते आणि मग दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत.

उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू मात्र नका. खरं शिकवणं तिथेच सुरू होतं. एका गटाने कापसाच्या कापडावर पाणी ओतलं, दुसऱ्याने एक थेंब टाकला, तिसऱ्याने थेंब टाकून लगेच बघितलं, चौथा खिडकीतली गंमत बघत बसला आणि मग बघितलं. चौघांची चार उत्तरं येणारच. तेव्हा मुलांनाच विचारा, भांडण मिटवायचं कसं? ती स्वतःच सांगतात: सगळ्यांनी एकाच बाटलीने एकच थेंब टाकायचा, तेवढ्याच उंचीवरून, आणि वीस म्हणेपर्यंत थांबायचं. विज्ञानात ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हाच. नाव आज सांगितलं नाही तरी चालेल.

या थेंबाच्या कसोटीत कापडं फार मजा आणतात. मापाची गरज नाही, शिंप्याकडची चिंध्यांची एक पिशवी पुरे. मूल चिंधी गुडघ्यावर ताणून धरतं, थेंब सोडतं. जुन्या धोतरावर थेंब पडला की त्याचा डाग लगेच चारी बाजूंना पसरतो. पॉलिस्टरवर तो काही वेळ मण्यासारखा उभा राहतो, चिंधी तिरकी केली तर घरंगळतो. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग कुणीतरी घडी न मोडलेल्या नव्या सुती कापडाचा तुकडा काढतं आणि त्यावरही थेंब उभा राहतो. मुलं लगेच म्हणतात, हे सुती नाहीच. हे सुतीच आहे, पण त्यावर खळ आहे, आणि कच्च्या सुतावर कापसाचं स्वतःचं मेणही असतं. तो तुकडा मुलाला घरी नेऊन साबणाने धुऊन, वाळवून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा थेंब पिऊन टाकतो. वडगावातल्या पोरांच्या घरी हे रोजचं असतं, सुताला खळ देताना आई-आजीला त्यांनी बघितलेलं असतं, पण घरातलं ज्ञान शाळेत बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि इथून दुसरा नियम फळ्यावर जातो: वरचा लेप तपासतोय की आतला पदार्थ, ते आधी बघायचं.

हा दुसरा नियम चुंबक आणि बल्बच्या तासाला लगेच कामी येतो.

चुंबकाने सुरुवात करा. मुलांची पक्की समजूत असते की चुंबकाला धातू चिकटतात. एका चपट्या खोक्यात तांब्याची वायर, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं झाकण, पितळेची घंटी, खिळा, बिडाचा तुकडा आणि स्टीलची दोन-तीन ताटं ठेवा. तांबं, पितळ, जर्मन चुंबकाला दाद देत नाहीत. खिळा आणि बीड चिकटतात. ताटांचं मात्र सांगता येत नाही: काही चिकटतात, काही नाही. स्टेनलेस स्टीलचे प्रकार असतात. ज्यात निकेल बरंच असतं ते बहुतेक चिकटत नाही, स्वस्तातलं क्रोमियमवालं चिकटतं. नाण्यांतही हा खेळ आहे. अकरा कोनांचं जुनं दोन रुपयांचं नाणं घरात असेल तर आणायला सांगा. ते तांबं-निकेलचं आहे, चिकटत नाही. नंतरचं स्टीलचं गोल नाणं टपकन चिकटतं. किंमत एकच, पण चुंबकाला किमतीशी काय देणंघेणं!

बिडाच्या तुकड्यापाशी जरा रेंगाळा, बेळगावच्या मुलांना तो कळायलाच हवा. खिळा आणि बीड, दोन्ही लोखंड, दोन्ही चुंबकाला चिकटतात, दोन्हींतून वीज जाते. इथपर्यंत एकाच ढिगात. आता लोखंडाची पातळ तार वाकवा, वाकते. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर काय होतं हे घरी कुणाला तरी माहीत असतंच: तडकतो. फौंड्रीतून आलेल्या तुकड्याची तुटलेली बाजू दाखवा. करडी, दाणेदार, साखरेच्या खड्यासारखी. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो, तडा या पापुद्र्यांतून पळतो. खिळ्याच्या मऊ पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. तोडून दाखवायचा मोह टाळा, बिडाचे कपचे उडतात. तुटलेलाच तुकडा आणा. एका कसोटीने शेजारी बसलेले दोन पदार्थ दुसऱ्या कसोटीने वेगळे होतात हे इथे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कुठल्या उदाहरणात मला दिसलेलं नाही.

आता बल्ब. दोन सेल एकापुढे एक, पांढरा एलईडी, मध्ये वायरची दोन उघडी टोकं. लाल एलईडी लावला तर ओळीत १०० ओहमचा रेझिस्टन्स घाला, नाहीतर तो जळेल. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे. साधा टॉर्चचा बल्बही चालतो, पण त्याला जास्त प्रवाह लागतो, म्हणून शिसपेन्सिलसारख्या वस्तूवर तो हिरमुसतो. वर्गात घरातल्या विजेचा टेस्टर किंवा प्लग कुणी आणणार नाही, हे आधीच दरडावून सांगा. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करून टोकं लावली की एलईडी पेटतो आणि वर्ग ओरडतो, कारण ग्रॅफाइट धातू नाही. उलट कुरकुऱ्याचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं, पण त्यावर टोकं टेकवली तर बहुतेक वेळा काहीच पेटत नाही. ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ आणि प्लास्टिकखाली दडलेला असतो की वायर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. चमकतो तो धातू, हे वाक्य इथे पडतं. मोटार वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार आणा. ती तांब्यासारखीच दिसते, तरी पेटत नाही. टोकं पॉलिश पेपरने घासली की पेटते. वरचं वार्निश गेलं. दुसरा नियम मुलं आता स्वतःच म्हणतात, तुम्हाला आठवण द्यावी लागत नाही.

यानंतर जमिनीवर दोरीची दोन मोठी वर्तुळं करा, एकमेकांत थोडी शिरलेली. एकात चुंबकाला चिकटणारे, दुसऱ्यात एलईडी पेटवणारे, मधल्या भागात दोन्ही करणारे. खिळा मध्ये, तांबं एका बाजूला, कौल वर्तुळाबाहेर. चिकटतो पण पेटत नाही, हा भाग रिकामा राहतो. गंजलेला किंवा रंगवलेला खिळा कुणी तिथे ठेवला तर घासून परत तपासायला लावा. मग म्हणा, या रिकाम्या जागेत बसणारी एक वस्तू या खोलीत आहे, शोधा. ती वस्तू म्हणजे स्पीकरचं काळं चुंबक. फेराइट ही लोखंडाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेली माती-भांड्यासारखी वस्तू आहे, दुसऱ्या चुंबकाला ती चिकटते आणि वीज मात्र नेत नाही. चकचकीत छोटी निओडिमियमची चुंबकं यासाठी वापरू नका. त्यांच्यावर निकेलचा मुलामा असतो, ती पेटवतात. शिवाय लहान मुलांच्या हाती ती देऊच नयेत. दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना धरून जखम करतात.

तुम्ही खानापूरकडे आहात म्हणून मातीवर एक पूर्ण तास काढा. कौलं, विटा, मडकी हा तुमच्या गावचा उद्योग आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही खानापुरातच आहे. एखादा कुंभार ओळखीचा असेल तर त्याच्याकडून दोन वस्तू मागा: वाळलेली पण न भाजलेली वाटी आणि तसंच भाजलेलं भांडं. तिसरा घरातून एक फुटका चिनीमातीचा कप, फुटलेली कड पॉलिश पेपरने घासून. तिन्ही मातीच्याच. न भाजलेली वाटी पाण्यात ठेवली की कडेने पापुद्रे सुटतात, थोड्या वेळाने बोट लावलं तर गाळ. भाजलेल्याला काही होत नाही, ते कितीही दिवस ठेवा. भट्टीत मातीतल्या कणांना बांधून असलेलं पाणी कायमचं निघून जातं आणि कण एकमेकांना चिकटून बसतात. ते पुन्हा चिखलात परतत नाहीत. म्हणजे पदार्थाचा गुणधर्म कायमचा बदलू शकतो. सहावीला इतकं सांगितलं तरी चालतं.

आता त्याच तासाला कौलाचा सुका तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या बरणीत सोडा आणि मुलांना डोळे पाण्याच्या पातळीवर आणायला सांगा. काही क्षण काहीच होत नाही. मग कौलाच्या एका ठिपक्यातून बुडबुड्यांची सरळ माळ वर जायला लागते, शेजारून दुसरी, कडेच्या तुटलेल्या भागातून तर दाट. आवाजसुद्धा येतो, बरणीला कान लावला तर चुर्रचुर्र. पाणी आत शिरतंय आणि छिद्रांतली हवा बाहेर पडतेय. चिनीमातीच्या कपावर हे होत नाही, पण कपाच्या तळाची खरखरीत कड, जिथे काचेसारखा लेप नसतो, तिथे थेंब ठेवून बघा. लेप असलेल्या आणि नसलेल्या जागेवर थेंबाची चाल वेगळी पडते का, ते मुलांना ठरवू द्या. स्वस्त कपांत फरक दिसतो, चांगल्या पोर्सेलीनमध्ये जवळपास नाही. कौलाचं वजन दुकानातल्या डिजिटल काट्यावर सुकं असताना आणि रात्रभर पाण्यात ठेवून वरचं पाणी पुसल्यावर करायला सांगा. वाढलेलं वजन म्हणजे कौलाने प्यालेलं पाणी, शेकडेवारी गणिताच्या तासाला. माठ पाणी गार का करतो हा प्रश्न मग मुलंच काढतात: पाझरलेलं पाणी बाहेरून वाळताना उष्णता घेऊन जातं. आणि बाजारात माठ घेताना आजी बोटाने टिचकी का मारते? चांगला भाजलेला, बिनतड्याचा माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. आजी शाळेत न जाताही कसोटी वापरते, हे मुलांना आवडतं.

उष्णतेसाठी थर्मामीटर नसला तरी एक प्रयोग होतो आणि तो मुलांच्या अंदाजाला हमखास पाडतो. सकाळी बाकाचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी हाताने चाचपायला सांगा. पाय गार, फळी उबदार. आता विचारा, बर्फाचा खडा कशावर लवकर वितळेल? हात वर होतात ते सगळे लाकडासाठी, कारण ते 'उबदार' आहे. लाकडी फळी, स्टीलचं ताट आणि जर्मनचं जाड झाकण सावलीत शेजारी ठेवा, पिशवीत गोठवलेल्या एकाच बर्फाच्या पेप्सीचे सारखे तुकडे तिन्हींवर. जर्मनवरचा खडा बघता बघता पाणी होतो, लाकडावरचा तसाच बसून राहतो, स्टील मधे. तिन्हींचं तापमान सकाळपासून एकच होतं. फरक उष्णता वाहून नेण्याचा. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून जास्त आणि स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त वेगाने उष्णता नेतं. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ कशाला लावतात हे विचारायची हीच वेळ. हाताला गार लागणं म्हणजे हाताची उष्णता पळवणं, हे मग दोन वाक्यांत पटतं. नुसतं सांगून कधीच पटत नाही.

ओरखड्याची कसोटी जपून घ्या, पण घ्याच. साधनं: नख, तांब्याचा तुकडा, खिळा, आणि शेतात सापडणारी पांढरी गारगोटी. खिळ्याने घासून रेघ उठली म्हणजे ओरखडा पडला असं मुलं धरून चालतात. ओलं बोट फिरवा. रेघ पुसली गेली तर ती खिळ्याची भुकटी होती, दुसरा पदार्थ खिळ्यापेक्षा कठीण. राहिली तर खरा ओरखडा. याच पद्धतीवर १८१२ मध्ये फ्रीडरिश मोस यांनी खनिजांचा कठीणपणाचा क्रम लावला आणि तो अजून वापरात आहे. नख त्यात अडीचच्या आसपास, काच साडेपाच, गारगोटी सात. काचेवर गारगोटी ओढायची असेल तर ती तुम्ही ओढा, जाड काचेच्या बाटलीच्या तळावर.

पारदर्शकतेत फार वेळ घालवू नका, फक्त एक गोष्ट पाळा. 'आरपार दिसतं का' असं विचारू नका. पुस्तकातली ओळ वाचता येते का, असं विचारा, आधी वस्तू ओळीला टेकवून आणि मग वीतभर वर धरून. बटर पेपर टेकवला तर अक्षर दिसतं, वर धरला की धुरकट होतं. काच दोन्हीकडे साफ. तेलाचा थेंब पडलेला वहीचा कागद मधला ढीग उघडून देतो. विरघळण्याचं त्याहून सोपं: मीठ, साखर, गूळ, हळद, पीठ, खडूची भुकटी, प्रत्येकी एक चमचा, पाणी सारखं, ढवळणं सारखं. फक्त निकाल मधल्या सुट्टीनंतर लिहायचा, कारण पिठाचं पांढरं पाणी लगेच बघितलं तर 'विरघळलं' असं लिहिलं जातं आणि सुट्टीनंतर ते तळाला बसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना थिजतं. आपल्याकडच्या थंडीत सकाळी बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही, दुपारी उन्हात ठेवली की ओघळतं. स्थायूच्या ढिगात ठेवायचं की द्रवाच्या? मुलं भांडतील. भांडू द्या. मग विचारा, वेळ आणि तापमान न सांगता हा ढीग करता येईल का?

ढीग करताना 'हो' आणि 'नाही' या दोनच जागा ठेवू नका. तिसरी जागा ठेवा: 'ठरत नाही'. पण तिथे वस्तू ठेवायची तर मुलाने कारण सांगायचं, "मला माहीत नाही" चालणार नाही. "तार एका टोकाला पेटते, दुसऱ्याला नाही", "कापड वीस म्हणेपर्यंत अर्धं प्यालं" अशी कारणं आली की समजायचं तास जमला. आणि प्रत्येक कसोटीआधी अंदाज वहीत लिहून घ्या, पेनाने, खोडता येणार नाही असा. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. कापले की दुसऱ्या दिवसापासून सगळे अंदाज शेजारच्या हुशार पोरासारखे येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

वर्ग मोठा असेल तर सगळ्यांना सगळं करायला लावू नका. पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच कसोटी द्या. वस्तू मात्र गटागटांत फिरवा, गट जागचे हलवायचे नाहीत. गोंधळ निम्मा होतो. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांनी कब्बिण म्हटलं काय आणि दुसऱ्याने लोखंड म्हटलं काय, ढीग एकच पडतो. त्यात अडकू नका. चार-पाच तासिका लागतील, एक तास वाढला तर वाढू द्या. पावसाळ्यात खिळ्यांचा गंज लावायला घ्या: एक खिळा कोरड्या बरणीत, एक ओल्या फडक्यात, एक तेल लावून, आठवडाभर. तुमच्याकडच्या पावसात ओला खिळा वाट बघायला लावत नाही.

राहिले गुण. पाठांतरावर द्यायचे नसतील तर परीक्षेत न बघितलेल्या दोन वस्तू समोर ठेवा, उदाहरणार्थ बांबूची कांब आणि प्लास्टिकची पट्टी, आणि एका मुलाला तीन गोष्टी करायला लावा. एक कसोटी सांगायची, ती दोन्हींवर सारखीच करून दाखवायची, आणि या कसोटीवरून काय सांगता येत नाही ते बोलायचं. शेवटच्याला सगळ्यात जास्त गुण द्या, तिथेच पाठ केलेलं आणि केलेलं वेगळं कळतं. तोंडी घ्यायला वेळ नसेल तर गटाला एकत्र विचारा, पण उत्तर द्यायला गटातलं मूल तुम्ही निवडा, नाहीतर नेहमीचाच मुलगा बोलतो.

आणि सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देणारे साधनव्यक्ती, आले, वहीत तक्ता कुठाय म्हणाले, तर तक्ता असू देच. फक्त तो तुमच्या पुस्तकातला नको. रकाने असे पाडा: वस्तू, आमचा अंदाज, आम्ही काय केलं, काय झालं, कुठला ढीग. 'आम्ही काय केलं' या रकान्यात "थेंब टाकला, वीस म्हटले" एवढं जरी लिहिलेलं दिसलं, तरी बहुतेक सीआरपी स्वतःच बाटली मागून एखादा थेंब टाकून बघतात.